दुर्बीण, डबी आणि आप्पांची मान

वडवणीला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो, ते गृहस्थ पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे न पाहता माझ्या पायांपाशी पाहत उभे राहिले. चपला कोठे काढाव्यात याविषयी घरात काही नियम असावा, असे मला वाटले. तसा नियम नव्हता. ते माझी सावली पाहत होते. पाहून समाधान झाल्यावर म्हणाले, "धार हाय. लांबून बी चाललं असतं." आणि खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली.

मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. जमिनी मोजणे, हद्द दाखवणे आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या ऐकणे हे माझे काम. शिवीला निदान अर्थ असतो. मालकांच्या त्या वाक्याचा अर्थ मला लागेना, आणि विचारण्याचा माझा स्वभाव नाही. कालांतराने तो आपोआप लागला. वडवणीत राहणाऱ्या कोणालाही तो फार काळ टाळता येत नसे.

मालक बाजारगल्लीतील भांड्यांच्या दुकानाचे थोरले चालक. जातीने लिंगायत वाणी. वडील हयात होते. त्यांना सारे गाव आप्पा म्हणे. मालकांना गाव अण्णा म्हणे आणि मी मालक म्हणे. त्यांच्या गळ्यात सदैव दोन वस्तू असत. सदऱ्याच्या आत लिंग ठेवायची चांदीची करडगी, आणि सदऱ्याच्या बाहेर काळ्या दोरीला बांधलेला तळहाताएवढा कॅमेरा. आंघोळीच्या वेळी दुसरी वस्तू काढून ठेवीत. या लहान कॅमेऱ्याला ते 'डबी' म्हणत. दुसरा कॅमेरा मोठा होता. बटण दाबले की त्याच्या तोंडातून एक नळकांडे घरघर करीत बाहेर येई आणि लांबचे जवळ आणी. तो दुकानात समयांच्या मागे, पंचात गुंडाळून ठेवलेला असे. त्याचे नाव 'दुर्बीण'.

दुर्बीण त्यांनी विकत घेतलेली नव्हती. बाजार नुकताच खुला झाला होता आणि ज्या वस्तूंची गावाला गरज नव्हती त्या गावात येऊ लागल्या होत्या. त्यांत न चिकटणारा तवा होता. जो दुकानदार हे तवे भरपूर खपवील त्याला कॅमेरा, अशी कंपनीची योजना होती. मालकांनी तवे खपवले. वडवणीच्या बायकांनी त्यांवर ज्वारीच्या भाकरी टाकल्या आणि लोखंडी उलथन्याने उलटल्या. तव्याचा काळा थर भाकरीला लागून पोटात गेला. मग बायका तवे हातात धरून दुकानाच्या पायऱ्या चढल्या.

"अण्णा, तव्याचा रंग गेला की हो आमच्या पोटात!"

"पर भाकर चिकटली का?"

"न्हाई."

"मग? कंपनीनं तेवढंच सांगितलं व्हतं."

अशा रीतीने दुर्बीण आली. मालकांनी ती घेऊन एका गोरज मुहूर्ताच्या लग्नात लांबून, मांडवाच्या टोकाला उभे राहून फोटो काढले. बीडच्या लॅबमधून ते धुऊन आले तेव्हा सर्वत्र विटकरी धुके होते. नवरा कोणता आणि नवरी कोणती, हे मुंडावळ्यांच्या लांबीवरून ठरवावे लागले. वधूपित्याने फोटो परत केले आणि सांगितले, "यातली कोणची बी पोरगी माजी न्हाई."

दुसरा असता तर त्याने छंद सोडला असता. मालकांनी बीडला जाऊन डबी विकत आणली आणि त्या दिवसापासून एका सिद्धान्ताचे पालन सुरू केले. तो त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितला. मी विचारले नव्हते.

"हे बगा मोजणीसाहेब. दुर्बिणीचं नळकांडं लांब काढलं की तिच्या पोटात उजेड कमी पोचतोय. मग ती डोळा लई येळ उघडा ठेवती. तेवढ्यात हात हलला की फोटो हलला. डबीला लांबचं दिसत न्हाई, पर तिचा डोळा मोठा. झटक्यात उघडती, झटक्यात मिटती. दुर्बीण म्हंजे पाव्हणा. उन्हाउन्हात यावं, उन्हाउन्हात जावं. डबी म्हंजे घरचं मानूस. दिवेलागनीला बी घरातच."

"मग कोणती केव्हा घ्यायची, हे कसे ठरवता?"

मालकांनी पंजा पसरून ओट्यावर धरला. खाली पाच बोटांची सावली पडली.

"काठ बगा. कापल्यावानी हाय का? हाय. म्हंजे दुर्बीण. काठ विरघळला की डबी. सावलीच न्हाई, तर डबी अन् जवळ जायचं. हातभर. डबीचं एकच हाय, जवळ जावं लागतंय."

पहिल्या दिवशीच्या वाक्याचा अर्थ मला तेथे लागला. माणूस भेटला की तो कोणत्या कॅमेऱ्याचा, हे ते प्रथम पाहत. कोण आहे हे नंतर.

ही सवय त्यांना सर्वत्र होती. गिऱ्हाइकाला ताट दाखवताना ताटावर पंजा धरीत. न्हाव्यापुढे बसले असता त्याच्या पांढऱ्या फडक्यावर पंजा धरीत. न्हावी वस्तरा उचलून स्वस्थ उभा राही. एकदा वरातीतील घोडा त्यांनी भर रस्त्यात थांबवला, कारण ढग आला होता आणि त्यांच्या हातात दुर्बीण होती. वरबाप ओरडला, "अण्णा, आटपा!" मालक म्हणाले, "ढगाला सांगा." ढग गेला. घोड्याने तेवढ्या वेळात एका भाजीवाल्याची मेथी संपवली होती.

फ्लॅशचा मात्र त्यांना तिटकारा होता. दोन्ही कॅमेऱ्यांवर फ्लॅश होता. दोन्हींवर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती. "उसना उजेड," ते म्हणत. "उसन्या उजेडात मानूस पकडलेल्या चोरावानी दिसतंय."

त्यांची कीर्ती पसरली ती एका पुढाऱ्यामुळे. शाळेच्या नव्या खोल्यांचे उद्घाटन होते. पुढारी दुपारी यायचे होते. मालक दुर्बीण घेऊन समोरच्या गच्चीवर चढले. पुढाऱ्यांच्या गाड्या मांजरसुंब्याला जेवणासाठी थांबल्या आणि तेथेच दुपार संपली. ते आले तेव्हा दिवस मावळला होता. मालकांनी पंजा धरला. सावली नव्हती. ते गच्चीवरून उतरले, दुर्बीण पंचात गुंडाळली आणि कार्यकर्त्यांना म्हणाले, "साहेबांला म्हनावं, उद्या दहाला या."

"अबे, फोटो काढ बे! टाइम न्हाई साहेबांना."

"मग जवळ जाऊ द्या."

त्यांना जवळ जाऊ देण्यात आले. ते इतके जवळ गेले की पुढाऱ्यांना फीत कापण्यासाठी कोपर हलवता येईना. डबी त्यांच्या नाकासमोर धरून मालक म्हणाले, "साहेब, श्वास धरा." पुढाऱ्यांनी श्वास धरला. त्यांना सभेत एवढा वेळ गप्प कोणी केले नव्हते, असे पुढे शाळेचा शिपाई सांगत असे. फोटो उत्तम आला. शाळेत तो बरीच वर्षे होता. त्यात पुढारी बुडणाऱ्या माणसासारखे दिसतात, पण स्पष्ट दिसतात.

येथवर हे सारे गमतीचे होते. पुढील भागही गमतीचाच आहे, परंतु तो समजण्यासाठी मालकांच्या हाताविषयी सांगितले पाहिजे.

भांड्यांवर नावे घालण्याचे काम मालक स्वतः करीत. छिन्नी आणि लहानशी हातोडी. स्टीलच्या डब्यावर टिंबाटिंबांनी अक्षरे उमटत, आणि प्रत्येक टिंब शेजारच्या टिंबाएवढे खोल असे. वडवणीत असे घर नव्हते जिथल्या तांब्यावर मालकांचे अक्षर नाही. कोणाच्या डोळ्यांत कुसळ गेले तर त्याला डॉक्टरकडे न नेता दुकानात आणीत. काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या घेऊन ते माडीचा जिना चढत आणि थेंब सांडत नसे. हे ते विनाकारण करीत. "अण्णांचा हात म्हणजे तराजूच्या काट्याचा दांडा," असे लोक म्हणत. मालकांना ते ऐकायला आवडे. दुसरी कोणतीही स्तुती त्यांनी मनावर घेतलेली मी पाहिली नाही.

त्यांच्या धाकट्या बंधूंचे तसे नव्हते. ते नव्या काळाचे गृहस्थ होते. त्यांनी नावे घालण्याचे विजेचे यंत्र आणले होते. ते भुंग्यासारखे गुणगुणे आणि दोन ओळी क्षणात लिही. दोघे भाऊ एकाच गादीवर पाठीला पाठ लावून बसत. एकीकडून टकटक, दुसरीकडून गुणगुण. गिऱ्हाइकाने कोणीकडे जावे हे त्याच्या घाईवर अवलंबून असे. धाकट्यांना मिक्सर, पंखे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे दुकान काढायचे होते, काचेचे दार असलेले. त्यासाठी दुकानाचा अर्धा भाग वेगळा हवा होता. तो मिळत नसेल तर पुण्याला जाऊन एखाद्या कंपनीत लागू, असे ते म्हणत. मालकांना पुणे हा शब्द सहन होत नसे. भावाने शेजारी राहून काहीही विकावे, अगदी न चिकटणारे तवे विकावेत, पण शेजारी राहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अखेर आप्पांनी दोघांना समोर बसवले. साक्षीला मला बोलावले. आप्पा कमी बोलत. त्याबाबतीत आमचे जमे. ते म्हणाले, "भित घाला. पर एकाच गल्लीत ऱ्हावा. मोजणीसाहेब, मधोमध रेघ मारून द्या." मी होकार दिला. येत्या सुट्टीच्या दिवशी फीत घेऊन उतरायचे ठरले.

त्या सुट्टीच्या आधीच आप्पा गेले. वयाने गेले, सकाळी, देवपूजा आटोपून, भिंतीला टेकून.

लिंगायतांत मृताला निजवत नाहीत. बसवतात. घरापुढे मांडव घालून आप्पांना मांडी घालून बसवले होते. मागे पांढरी चादर, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला गुलाबी फेटा, गळ्यात झेंडूचा हार, तळहातावर लिंग. समाधीस नेण्यापूर्वी शेवटचा फोटो काढण्याची त्यांच्यात रीत आहे. गल्लीतील असे सर्व फोटो मालकांनीच काढले होते. आणि ते नेहमी डबीने, हातभर अंतरावरून, कारण मांडवाखाली सावलीला धार नसते.

आप्पांच्या बहिणीची, म्हणजे मालकांच्या आत्याची, वाट पाहायची होती. ती बसने लातूरकडून येणार होती. ती आली तेव्हा ऊन गेले होते. तिचे रडणे झाल्यावर कोणीतरी म्हणाले, "अण्णा, फोटो." मालक उठले. आप्पांमागच्या चादरीवर त्यांनी पंजा धरला. मी शेजारीच होतो. सावली नव्हती. त्यांनी गळ्यातील डबीला हात लावला, क्षणभर थांबले, आणि मग दुकानात जाऊन दुर्बीण घेऊन आले. गल्ली ओलांडून ते औषधांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. नळकांडे घरघरत बाहेर आले. एकच फोटो काढून त्यांनी दुर्बीण पंचात गुंडाळली.

ते काय करीत आहेत हे मला दिसत होते. बोलणे माझे काम नव्हते.

रोल नेहमीप्रमाणे बीडच्या बसच्या कंडक्टरकडे दिला गेला. फोटो परत आला त्या दिवशी घरात पाहुणे होते, आणि मी मोजणीची फीत घेऊन जिन्यावरून उतरत होतो. लिफाफा आत्याने फोडला. तिने फोटो जवळ धरला, लांब धरला, आणि किंचाळली.

"अगं बाई! आप्पानं मान हालवली!"

फोटोत केवळ आप्पांचा चेहरा, गळ्यातला हार आणि मागे चादर होती. चेहरा एक नव्हता. एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मधल्या जागेत दोन्ही मिसळलेले. फेटाही दुहेरी. जिवंत माणूस 'नाही, नाही' म्हणताना जसा दिसेल, तसे आप्पा दिसत होते.

आत्याची नजर माझ्या हातातील फितीवर गेली. तिला उलगडा झाला.

"भित घालू नगा म्हनतोय! दिलेला सबूद माघारी घेतलाय आप्पानं! बगा की, न्हाई म्हनतोय!"

"आत्या, हात हलला असंल," मालक म्हणाले.

"कुनाचा? तुजा? तुजा हात हलतोय व्हय रं? साऱ्या वडवणीला इचार."

"उजेड कमी व्हता. ही बग, हारातली फुलं बी दोन-दोन दिसत्यात."

"मान हालली की हार हालनारच! गळ्यातच हाय न्हवं?"

पाहुणे पटापट फोटोच्या पाया पडू लागले. मालकांनी नळकांडे, पोट, डोळा, सगळा सिद्धान्त सांगितला. कोणी ऐकला नाही. जो हात हलत नाही अशी ख्याती त्यांनी आयुष्यभर जिन्यावरून तांब्या नेऊन कमावली होती, ती आता त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होती.

कठीण झाले ते धाकट्या बंधूंमुळे. भांडतील असे वाटले होते. ते भांडले नाहीत. फोटो हातात घेऊन बसले, आणि म्हणाले, "आप्पा न्हाई म्हनत असतील तर मला भित नगं. मी पुण्याला जातो."

"आरं, घे बे वाटनी! आप्पांनी दिलीय."

"दिलती. आता न्हाई म्हनत्यात."

"मेलेलं मानूस न्हाई म्हनतंय व्हय?"

"तुमीच फोटो काढलाय, अण्णा. तुमचा फोटो खोटा असतोय व्हय?"

मी पुष्कळ वाटण्या पाहिल्या आहेत. थोरल्याने धाकट्याला अर्धा हिस्सा घेण्यासाठी हात जोडावेत आणि धाकट्याने नाही म्हणावे, अशी ही एकच. मालकांनी गप्प राहावे, तर अखंड दुकान त्यांच्या ताब्यात राहत होते. गावात एकदोघांनी त्यांना तसे सुचवलेही. त्यांना मालकांनी दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावल्या.

मालकांना उपाय सुचला तो त्यांच्या पद्धतीचा. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पायरीवरून, दुर्बिणीने पुन्हा फोटो काढायचा. तोही हलला की उजेडाचा दोष सिद्ध झाला. आत्या म्हणाली, "काढ." प्रश्न एवढाच होता, की आप्पांच्या जागी बसायचे कोणी?

धाकटे म्हणाले, "मी न्हाई." आत्या म्हणाली, "जित्या मानसानं तितं बसू न्हाई." पाहुणे एकेक करून चहा प्यायला आत गेले. मग सर्वांची नजर माझ्याकडे वळली.

"साहेबांना चालतंय," आत्या म्हणाली. "ते आपल्यातले न्हाईत. त्यांना न्हाई लागायचं काई."

"अन् तसं बी," धाकटे म्हणाले, "साहेबांचं तोंड हालत न्हाई."

मी बसलो. ही गोष्ट मी केली, तिचे समर्थन करीत नाही. मागे पांढरी चादर टांगली होती. आत्याने माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि कपाळाला भस्म लावले. हार मात्र अशुभ म्हणून घातला नाही, जणू बाकीचे शुभ होते. मांडी घालून, डोळे मिटून, मी दिवेलागणीपर्यंत उजेड कमी होण्याची वाट पाहिली. गल्लीतून जाणारे दोघेजण मला नमस्कार करून गेले. मग एका गृहस्थाचा आवाज आला. तो चिंचवणच्या बाजूचा शेतकरी होता. त्याच्या बांधाचे काम माझ्याकडे होते.

"आरं देवा! मोजणीसाहेब बी गेले?" तो म्हणाला. आणि लगेच, "मग माजी मोजणी?"

"सोमवारी येतो," मी डोळे न उघडता म्हणालो. तो पळाला. तो पुन्हा मोजणीला आला नाही. शेजाऱ्याशी त्याने तडजोड केली. माझ्या नोकरीतील एवढा जलद निकाल दुसरा नाही.

पायरीवरून मालक ओरडले, "साहेब, हलू नगा!" मी हललो नव्हतो. नळकांडे घरघरले. फोटो निघाला.

रोल गेला, फोटो आला. दुकानातच लिफाफा फोडला. धाकट्यांची बॅग भरून गादीच्या कडेला ठेवलेली होती. पुण्याच्या गाडीची चौकशी करून ते आले होते. आत्याने फोटो बाहेर काढला आणि काही न बोलता मालकांपुढे धरला.

माझा फोटो कोरीव लेण्यासारखा आला होता. मिशीचा केस न् केस वेगळा. फेट्याची घडी न् घडी वेगळी.

"झालं?" आत्या म्हणाली. "तीच येळ, तीच पायरी, तीच दुर्बीण. हात हलला न्हाई. म्हंजे मान हालली."

धाकट्यांनी बॅग उचलली.

मालक फोटोकडे पाहत राहिले. गप्प राहणे त्यांना त्या क्षणी किती सोपे होते, ते मला माहीत आहे; गावातील कोणालाही माहीत होते. ते म्हणाले, "थांब बे." दुकानात गिऱ्हाईक होते, तेही थांबले.

"साहेब बसलते, तवा माजं काय गेलतं?" मालक म्हणाले. "कोन गेलतं माजं? म्हनून हात हलला न्हाई. त्या दिशी तितं माजा बाप बसलता."

धाकटे बॅग हातात धरून उभे राहिले.

"हात हलला. माजा. लई हलला." त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो काट्याच्या दांड्यासारखा स्थिर होता, त्यामुळे पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग झाला नाही.

धाकटे म्हणाले, "अण्णा, मी ऱ्हावं म्हनून बोलताय तुमी."

"आरं, सावलीला धार न्हवती! मला दिसत व्हतं. साहेबांला बी दिसत व्हतं. मी कवा दुर्बीण काढलीय बे सावली नसताना? घोडा थांबवला, पुढारी थांबवला, न्हाई काढली. त्या दिशी कावून काढली? डबीला जवळ जावं लागतंय. हातभर." त्यांनी गळ्यातील डबीवर बोट ठेवले. "मला जाता आलं न्हाई. म्हनून गेलतो लांब."

धाकट्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सावली नव्हती."

त्यांना ते पटले. हात हलला यावर त्यांचा अजूनही विश्वास नसावा. परंतु अण्णांनी सावली नसताना दुर्बीण काढली, याचा दुसरा अर्थच लागत नव्हता. त्यांनी बॅग खाली ठेवली. मालकांनी ती पायाने ढकलून गादीखाली सारली.

आत्याने पदराने नाक पुसले. मग तिला राग आला.

"मंग त्याच दिशी रडायचं की रं चारचौघांत! दुसरा रोल कावून वाया घालवला?"

मी फीत काढली आणि त्याच दिवशी रेघ मारून दिली. दोन भागांपैकी पूर्वेकडच्या भागात उजेड चांगला येई. तो मालकांनी धाकट्यांना दिला. म्हणाले, "काचेच्या दाराला उजेड पायजे. मला काय, डबीला चालतंय." भिंत उभी राहिली. तिच्यात गादीच्या उंचीवर एक कोनाडा आरपार ठेवला होता, चहाचा कप जाईल एवढा. एकीकडून टकटक आणि दुसरीकडून गुणगुण पूर्वीसारखी येत राहिली. आप्पांच्या त्या फोटोच्या दोन प्रती करून भिंतीच्या दोन्ही अंगांना लावल्या. नवे गिऱ्हाईक विचारी, "आप्पा कशाला न्हाई म्हनत्यात?" त्यावर काचेच्या दाराकडून उत्तर येई, "उधारीला."

माझी बदली झाली. पुढे मालकही गेले. मी पोचेपर्यंत त्यांना बसवलेले होते. गळ्यातील दोन वस्तूंपैकी एकच उरली होती. शेवटचा फोटो धाकट्या बंधूंनी काढला. डबीने, हातभर अंतरावरून. तेथवर सर्व रीतीप्रमाणे झाले. पण काळी चिकटपट्टी त्यांनी आधी सोलून काढली होती आणि फ्लॅश मारला. मालकांचे डोळे मिटलेले होते. ते बरे झाले.

माझा तो फोटो माझ्यापाशी आहे. माझे फोटो फारसे नाहीत. जे आहेत ते ओळखपत्रावरचे आहेत आणि त्यांत मी संशयित दिसतो. हा चांगला आहे. वेळ येईल तेव्हा भिंतीवर हाच लावा, असे घरी सांगून ठेवले आहे. निराळा काढण्याचा खटाटोप नको. फेटा आहे, भस्म आहे, डोळे मिटलेले आहेत. मिशीचा केस न् केस दिसतो. कोठेही जरासुद्धा हललेला नाही. दोष काढायचाच झाला तर तेवढाच आहे.